गवतफुलाची भाषा : तवंदी, बेळगाव आणि लिहिणारे मूल

निपाणी सोडून बेळगावच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात महामार्ग घाट चढू लागतो. घाटाच्या परिसरात स्तवनिधी हे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे. घाटाला ज्या गावाचे नाव आहे ते तवंदी. गाडीतून जाणाऱ्याला गाव दिसत नाही. दिसतो तो माळ, पावसाळ्यानंतर हिरवा आणि फाल्गुनात करडा. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी हा माळ न पाहता पाठ केलेला आहे, असे मी म्हटले तर ते अगदीच अतिशयोक्तीचे ठरू नये. इंदिरा संत यांचे बालपण तवंदीत गेले आणि त्यांच्या 'गवतफुला' या कवितेतले मूल माळावरच पतंग उडवीत असते. कवितेतला माळ तवंदीचाच, असा पुरावा मजजवळ नाही. पण त्या रस्त्याने जाताना दुसरा कोणता माळ माझ्या डोळ्यांपुढे येत नाही.

बेळगाव-निपाणी परिसरातील बालसाहित्याचा विचार करताना आपण सहसा ग्रामीण जीवनाचे 'चित्रण' शोधतो. बैलगाडी आली, ओढा आला, आज्जीची भाकरी आली की समाधान मानतो. प्रस्तुत लेखात मला वेगळे म्हणायचे आहे. या परिसरातून मुलांसाठी आणि मुलांविषयी जे उत्तम लेखन झाले, त्याला खेडे देखावा म्हणून उपयोगी पडले नाही. ते कान तयार करणारी शाळा म्हणून उपयोगी पडले. हे इंदिराबाईंच्या आणि त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांच्या लेखनात दिसते. ते कळायला मला मात्र वर्गातल्या एका मुलीने मदत केली. तिची हकीकत पुढे येईल.

इंदिराबाईंचे चरित्र अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. जन्म ४ जानेवारी १९१४, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे; माहेरचे आडनाव दीक्षित. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या पत्नी कमला फडके या त्यांच्या भगिनी. शिक्षण कोल्हापूर आणि पुणे येथे. पती ना. मा. संत हेही लेखक. दोघांच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह एकत्र निघाला. १९४६ साली पती गेले तेव्हा इंदिराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. पुढचे आयुष्य बेळगावात, शिक्षिका घडविणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापन करण्यात गेले. तेथे त्या प्राचार्यही झाल्या. 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७), 'रंगबावरी' (१९६४), 'बाहुल्या' (१९७२), 'गर्भरेशीम' (१९८२) हे संग्रह आले. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९९५ साली जनस्थान पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००० रोजी त्यांचे निधन झाले. मोठ्यांच्या कवितेतल्या विरहिणीविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्या इंदिराबाईंच्या वाट्याला मात्र बहुधा पाठ्यपुस्तकातील टीप आणि स्वाध्याय एवढेच आले.

शहरातील मूल पुस्तकातून साहित्यात शिरते. बेळगावात तशी सोय जुनी आहे. तेथील सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. पण घाटावरच्या खेड्यात साहित्य आधी कानावर पडते. पहाटे जात्याची घरघर, तिच्यावर ओवी. ओवी म्हणणारीला लिहिता येत नाही, ऐकणाऱ्या मुलीला अजून वाचता येत नाही, तरीही दोघींमध्ये साहित्याचा पूर्ण व्यवहार चाललेला असतो. इंदिराबाईंनी पुढे 'मालनगाथा'मध्ये या ओव्या गोळा करून त्यांचे रसग्रहण केले. उतारवयात, पुरस्कार आणि कीर्ती मिळाल्यावर, नामवंत कवयित्री जात्यावरच्या अनाम बाईकडे परत जाते आणि तिला आपली बरोबरीची कवयित्री म्हणून वाचते, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही सन्मानापेक्षा मोठी वाटते.

ओवी लिहिणाऱ्याला काय शिकविते? पहिले म्हणजे ती कोणाला तरी उद्देशून असते: भावाला, आईला, सासरी गेलेल्या लेकीला, अंबाबाईला, सौंदत्तीच्या यल्लम्माला, कधी प्रत्यक्ष जात्याला. हवेत बोलणारी ओवी नसते. दुसरे, तिला दळणाच्या एका फेरीत बसायचे असते, म्हणून फालतू शब्द टिकत नाही. तिसरे, ती मोठ्या भावनेला हाताशी असलेल्या वस्तूत बसविते: चोळीचा खण, दाराची तुळस, वाटेवरचे लिंबाचे झाड. मुलांसाठी लिहिणाऱ्याला याहून अधिक सामग्री लागत नाही. इंदिराबाईंच्या आधी साने गुरुजींनीही 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या होत्या. 'श्यामची आई' लिहिणारा आणि 'गवतफुला' लिहिणारी, दोघेही ओव्यांचे संग्राहक असावेत, हा निव्वळ योगायोग नसावा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. बायकांनी एवढे रचले आणि त्यांच्या मांडीवरच्या मुलांनी ते ऐकले. त्या मुलांतील किती जण पुढे लिहिते झाले, हा प्रश्न कोणी फारसा विचारलेला नाही.

आता 'गवतफुला'कडे वळू. कविता अनेकांना पाठ आहे, म्हणून येथे उतरवीत नाही. मित्रांबरोबर माळावर पतंग उडविताना मुलाला गवतात एक इवलेसे फूल दिसते. तो पतंग विसरतो, मित्रांना विसरतो. येथवर कविता साधी आहे. एखादा हुशार विद्यार्थीही एवढे लिहील. पुढे जे होते ते कवयित्रीचे आहे. फुलाजवळ एकेक मोठी गोष्ट लहान होऊन येते. पहाटेचे आभाळ फुलाहून लहान होते आणि त्याला दवाचे घास भरविते. वारा सानुले रूप घेऊन झोका देतो. रात्रसुद्धा इवली होऊन अंगाई म्हणते. मग मुलाला वाटते की आपणही फुलाहून लहान व्हावे, घर आणि शाळा विसरून त्याच्यापाशी राहावे. येथे सर्वांत मोठे आभाळ सर्वांत लहानाच्या उंचीवर येते. फुलाला कोणी 'मोठा हो' म्हणत नाही. आपल्या बालसाहित्याचा फार मोठा भाग मुलाला लवकर मोठे करण्याच्या घाईत लिहिलेला असताना ही दिशा उलटी आहे.

आणि त्यानंतर ती जागा येते जी मी बावीस वर्षे शिकविली आणि बावीस वर्षे ओलांडून गेले. मुलाला फुलाची भाषा शिकायची आहे आणि त्याला गोष्टी सांगायच्या आहेत. क्रम पाहावा. आधी भाषा शिकणे, मग गोष्ट सांगणे. गोष्ट मूल सांगणार आहे, पण भाषा फुलाची असणार आहे. लगेच पुढे देवघेव आहे: खेळ फुलाकडून शिकायचे, जादू आपण त्याला शिकवायची. बालसाहित्याची याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही. मुलांसाठी लिहिणारा मोठा माणूस म्हणजे कवितेतले मूल, आणि वाचणारे मूल म्हणजे गवतफूल. लेखकाने प्रथम त्याची भाषा शिकून घ्यायची.

आमचे प्रश्न काय असत? फुलाच्या पाकळीचा रंग कोणता? रात्र काय म्हणते? समानार्थी शब्द लिहा. मुले उत्तरे बरोबर लिहीत, आम्ही टिकमार्क करीत असू. इंदिराबाईंनी स्वतः शिक्षिका घडविण्याचे काम केले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली सीमाभागातील शाळाशाळांतून पसरल्या असतील. मी त्यांच्यापैकी नाही, फार नंतरची आहे. पण त्यांच्या वर्गात 'भाषा शिकून' या दोन शब्दांवर किती वेळ थांबले गेले असते, याचा विचार मनात येतो.

आता त्या मुलीची हकीकत. निपाणी तालुक्यातील एका मराठी शाळेत सहावीचा वर्ग होता. मी कविता वाचून दाखविली आणि नेहमीप्रमाणे म्हटले, "या कवितेतला मुलगा..." मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मुलगा कशावरनं?" मी कवितेतील क्रियापद दाखविले. बोलणारे मूल 'विसरून गेलो' अशा रूपात बोलते, 'गेले' असे म्हणत नाही. तेव्हा तो मुलगा. यावर ती सहज म्हणाली, "मी पन 'गेलो'च म्हंतो की."

वर्ग हसला नाही, कारण त्यात हसण्यासारखे कोणाला काही वाटलेच नाही. कोल्हापूर, कागल, निपाणी या पट्ट्यातील मुली 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असेच म्हणतात. मीही म्हणत असे. डी.एड.ला गेल्यावर परगावच्या मुली हसल्या म्हणून 'मी आले', 'मी जेवले' शिकले. पहिले सहा महिने बोलण्याआधी मनात क्रियापद तपासून घ्यावे लागे, त्यामुळे मी कमी बोलत असे. शिक्षिका झाल्यावर मी काय केले, तर मुलींच्या वह्यांतील प्रत्येक 'गेलो' लाल शाईने 'गेले' केला.

कन्नडात प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगाचा प्रत्यय नसतो. 'नानू होदे' हे मुलगाही म्हणतो, मुलगीही म्हणते. आमच्याकडील 'मी गेलो'चा याच्याशी संबंध जोडण्याचा मोह होतो. तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासावा. माझ्यापुरता मुद्दा निराळा आहे. तवंदीच्या माळावर पतंग उडविणारे मूल 'मी गेलो' म्हणत असेल, तर ते मुलगी असण्याला कोणताच अडथळा नाही. कवयित्रीने मुलाच्या तोंडी कविता घातली, असे आजवर मानत आले. कदाचित तसेच असेल. बेळगाव-पुण्याच्या वाचकाला तसेच वाटणार हे इंदिराबाईंना ठाऊक असणारच. पण माझ्या वर्गातील त्या मुलीला कवितेत स्वतःचा आवाज ऐकू आला होता आणि मी तिला सांगत होते की तो तुझा नाही.

त्या दिवसानंतर मी लंपनकडे वेगळ्या कानांनी गेले.

प्रकाश नारायण संत यांचे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. जन्म १९३७ सालचा, बेळगावचा. ते आजोळी दत्तक गेले, म्हणून दीक्षित. पुढे कराडच्या विज्ञान महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकविले. १९६० च्या दशकात त्यांनी 'सत्यकथा'त लिहिले, मग दीर्घ काळ थांबले, आणि साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा लिहिते झाले. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि शेवटी 'झुंबर' या चार संग्रहांतून लंपन हा एकच मुलगा बोलतो. २००३ साली अपघाती निधनाने हे लेखन थांबले. त्यांच्या पत्नी सुप्रिया दीक्षित यांचे 'अमलताश' हे पुस्तक या लेखकाच्या घरातील बाजू समजून घेण्यासाठी वाचावे.

लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. गावाचे नाव सांगितलेले नाही, पण लंपनच्या सवंगड्यांत कणबर्गी गंग्या आहे आणि कणबर्गी हे बेळगावला लागून असलेले गाव. बेळगावच्या माणसाला त्यापुढे नकाशा लागत नाही. मुलाला आईची आठवण येते, आजीचा जीवही तोडवत नाही, शाळेत सुमी आहे, संगीताचा वर्ग आहे. घटना म्हणाव्यात अशा थोड्या. पुढे, 'झुंबर'मध्ये, वडिलांचा मृत्यू येतो. लेखकाचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ते कथेत यायला जवळजवळ सहा दशके लागली.

एवढा काळ लेखक काय करीत होता, असे विद्यार्थी विचारतात. नोकरी करीत होता, संसार करीत होता, दगड अभ्यासीत होता, हे खरेच. पण लंपनचे वाक्य वाचले की मला वाटते, तो त्या मुलाची भाषा विसरू नये म्हणून जपत होता. लंपनचे निवेदन पूर्ण बोलीत नाही. ते प्रमाण मराठीच्या जवळचे आहे, कोणत्याही जिल्ह्यातील वाचकाला अडत नाही. तरीही ते मोठ्या माणसाचे नाही. 'मॅड' हा शब्द तो कौतुकाला, रागाला, गोंधळाला, सगळ्याला वापरतो. त्याचे आकडे हजारांत जातात आणि पुढे सुटे रुपये मोजावेत तसे नेमके होतात. मुले असेच मोजतात. त्यांना 'पुष्कळ' हा शब्द पुरत नाही आणि नेमका आकडा दिला की खोटे खरे वाटते, हे त्यांना कळलेले असते. दुःखाची जागा आली की लंपन वाक्य मध्येच सोडतो आणि दुसरेच काही सांगू लागतो. प्रौढ लेखक तेथे उपमा देतो.

आणि आजूबाजूची माणसे बोलतात ती बेळगावची मराठी. अण्णा, अक्का ही नाती कन्नडातून आलेली, हेल कन्नड, व्याकरण मराठी. बेळगावकडे 'करूलालोय' आणि निपाणीकडे 'करायलोय', एवढ्या अंतरात क्रियापद बदलते. या भाषेला मराठी साहित्यात जागा आधीही मिळाली होती. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात होते. तेथील कृष्णराव हरिहर यांचे 'रावसाहेब' हे शब्दचित्र त्यांनी लिहिले. लिंगवचनाचा घोळ घालणारी त्यांची कानडी मराठी महाराष्ट्रभर लाडकी झाली. त्या लेखात प्रेम आहे, हे कोणी नाकारणार नाही. पण तो पाहुण्याच्या कानाने ऐकलेला आवाज आहे, आणि पाहुण्याला आधी गंमत ऐकू येते. आमच्याकडील माणसे पुण्यात गेली की त्यांना 'ते रावसाहेबांसारखं बोलून दाखवा ना' असा आग्रह होतो. मीही एकदोनदा बोलून दाखविले आहे. लंपनच्या कथांत हीच भाषा आहे आणि तेथे तिच्यावर कोणी हसत नाही, कारण ती ज्याच्या कानांनी ऐकू येते त्या मुलाला ती विचित्र वाटतच नाही. त्याच्यासाठी जग असेच बोलते.

लंपनच्या कथा बालसाहित्य आहेत का, असा वाद घालता येतो. त्या प्रौढांसाठीच्या कथासंग्रहांत छापल्या गेल्या आणि प्रौढांनी त्या डोक्यावर घेतल्या. २०२४ साली त्यांच्यावर 'लंपन' ही मालिका आली, तिला त्याच वर्षी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम वेबमालिकेचा पुरस्कारही मिळाला. माझा अनुभव असा की सातवी-आठवीची मुले या कथा निवडून वाचतात, काही पाने सोडतात, आणि सोडलेली पाने मोठेपणी परत वाचतात. वर्गीकरणाचा प्रश्न मी ग्रंथपालांवर सोडते.

आई आणि मुलगा यांच्या लेखनात मला जे समान दिसते ते हे की दोघांनीही मुलाच्या भाषेला शिकण्याचा विषय मानले, दुरुस्तीचा नव्हे. दोघांचेही कान बेळगाव-तवंदीच्या परिसरात तयार झाले, जेथे एकाच दिवसात मूल घरी एक मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी उर्दू आणि पुस्तकात दुसरीच मराठी ऐकते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर हा भाग म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात राहिला, आणि मराठीचा प्रश्न आमच्याकडे अस्मितेचा झाला. ते स्वाभाविकच होते. बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनापासून संयुक्त महाराष्ट्राचा विचार आमच्या घराघरांत आहे. पण त्याचा एक परिणाम वर्गात झाला, त्याविषयी आपण बोलत नाही. मराठी टिकवायची म्हणून आम्ही शिक्षकांनी 'शुद्ध' मराठी टिकविण्याचा हट्ट धरला, आणि ज्या मुलांच्या तोंडी मराठी टिकली होती त्यांच्याच तोंडची मराठी चुकीची ठरविली. घरी 'मी गेलो' म्हणणाऱ्या मुलीला शाळेत दोन परक्या भाषा शिकाव्या लागल्या: कन्नड, आणि आमची मराठी. इंग्रजी माध्यमाची गाडी दारात आली तेव्हा तिने तिसरी परकी भाषा निवडली, तर दोष तिचा म्हणता येईल का?

आमच्या सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलने होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी. डिसेंबर-जानेवारीत सुगीच्या आगेमागे ग्रंथदिंडी निघते, बाया डोक्यावर कळशी घेऊन चालतात, मुले लेझीम खेळतात. शहरातील माणसाला खरे वाटणार नाही इतकी गर्दी दुपारच्या उन्हात कथाकथनाला बसलेली असते. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत आयुष्यभर लिहीत राहिले. असा लेखक ज्या मातीत होतो तेथे वाचक असणारच. माझी एकच सूचना असते, ती मी प्रत्यक्ष भेटीतही मांडते: दिंडीत चालणाऱ्या मुलांपैकी दोघा-चौघांना व्यासपीठावर बोलावून त्यांनी स्वतः लिहिलेले वाचायला द्यावे. शिक्षकांनी तपासलेले नको.

तपासणे थांबविणे मला स्वतःला जड गेले. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी वर्गात दोन वह्या सुरू केल्या. एक नेहमीची निबंधाची, जी मी तपासणार. दुसरी 'ऐकलेली वही'. तिच्यात घरात किंवा शेतात ऐकलेले एखादे बोलणे जसेच्या तसे लिहायचे: आज्जीची ओवी, तंबाखूच्या वखारीतून परतलेल्या आईचे बोलणे, बाजारातील भांडण, बसमधील कंडक्टर. कोण बोलले, कोणाला, आणि तेव्हा हातात काय काम होते, एवढे वर लिहायचे. या वहीला लाल शाई नाही.

पहिले दोन महिने काही झाले नाही. मुले निबंधाचीच भाषा लिहीत. एकाच्या आज्जीने चक्क 'निसर्गाचे सौंदर्य' वगैरे म्हटले होते. मी विचारले, "आज्जी खरंच असं म्हणाली?" तो म्हणाला, "नाही बाई, आज्जी म्हणाली पाऊस लई माजलाय." मग तेच लिही, म्हटले. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिले. परीक्षेत गुण कापणारी बाई हे सांगते आहे, यावर कोण विश्वास ठेवील? त्यानंतर हळूहळू वही भरू लागली. शेंगा फोडताना दोन जावांमध्ये चाललेले बोलणे एकीने असे उतरविले होते की त्यात त्या दोघींनी एकमेकींना न बोललेले सगळे ऐकू येत होते. काही ओव्याही आल्या. दोन मुलींच्या वहीत एकच ओवी आली, पण भावाच्या गावाचे नाव वेगळे. त्यावरून वर्गात अर्धा तास वाद झाला की खरी कोणती. हा वाद विद्यापीठातही होतो, हे मी त्यांना सांगितले नाही.

शिक्षक मित्रांना यात एक अडचण दिसेल, आणि ती खरी आहे. बोली वहीत ठेवली तर परीक्षेचे काय? प्रमाण भाषा यायलाच हवी. ती न आल्याने जे सोसावे लागते ते मी सोसले आहे. पण इंदिराबाईंना आणि प्रकाश संतांना दोन्ही येत होते, आणि एक आली म्हणून त्यांनी दुसरी पुसून टाकली नाही. लंपनला ऐकू येते ती भाषा लेखकाला प्रौढपणी पुस्तकातून शिकता आली नसती. ती कानात जशीच्या तशी राहू दिली होती, म्हणूनच ती सापडली.

'मुलगा कशावरनं' विचारणारी ती मुलगी वर्षअखेरीस पुढच्या वर्गात गेली. तिचा मराठीचा पेपर मीच तपासला. 'माझा आवडता ऋतू' या निबंधात तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 'मी गेले, मी पाहिले, मी भिजले' असे बिनचूक लिहिले होते. 'ऐकलेली वही' तिने परत मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे राहिली आहे. तिच्या शेवटच्या पानावर आज्जी तिला विचारते, कुठं गेलतीस गं? आणि खाली तिचे उत्तर आहे: माळावर गेलतो.